पिसारोचं एचिंगमधलं आत्मचित्र: रंगवाल्या माणसाचा बिनरंगी चेहरा

आडवी_रेघ

इम्प्रेशनिस्ट, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले फ्रान्समधले उजेड टिपणारे चित्रकार, म्हटलं की मोनेची कमळं, रेन्वारच्या गुलाबी गालांच्या बायका, ऊन, धुकं आणि रंगच रंग. या मंडळींनी काळा रंग पॅलेटवरून जवळजवळ हाकलला होता. त्यांच्यातल्याच एकानं स्वतःचा चेहरा नुसत्या काळ्या रेघांत काढला. त्याबद्दल हा धागा.

कामीय पिसारोचं हे एचिंग (धातूच्या प्लेटवर ऍसिडनं रेघा खोदून कागदावर छापलेलं चित्र) १८९०च्या आसपासचं आहे. देल्तेय या अभ्यासकानं १९२३ मध्ये पिसारोच्या सगळ्या छापचित्रांची यादी केली, तिच्यात याचा क्रमांक ९०. फ्रेंच नावाचा अर्थ एवढाच, ‘कामीय पिसारो, स्वतःच्या हातचा’. आकार वीतभरही नाही. साठीला टेकलेला माणूस, छातीवर रुळणारी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि नजर चष्म्याच्या वरून थेट आपल्याकडे.

पिसारोची तैलरंगातली आत्मचित्रं फार नाहीत. १८७३चं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, शेवटचं १९०३चं लंडनच्या टेट संग्रहालयाकडे. दोन्ही उत्तम. तरी मला हे छोटं छापचित्र त्या दोघांपेक्षा जास्त खरं वाटतं. तैलचित्रांत तो ‘चित्रकार पिसारो’ म्हणून बसलेला आहे. इथे तो काम करतोय आणि मध्येच मान वर केलीय.

त्या चष्म्याकडे नीट पाहा. हातातली प्लेट जवळ असते, ती चष्म्यातून बघायची. आरसा लांब असतो, तो चष्म्याच्या वरून. खाली प्लेट, वर आरसा, परत खाली. आपल्याला दिसते ती नेमकी ‘वर आरसा’ची घटका. म्हातारपणाची खूण म्हणून त्यानं चष्मा घातलेला नाही. या कामाला तो लागत होता, म्हणून तो चित्रात आलाय.

इथे प्रिंटमेकिंग केलेली मंडळी आहेत हे माहीत आहे. त्यांनी तांत्रिक बाजू सांगावी.

खवचट_खेकडा

चित्र पाहिलं. छान आहे. पण हे इम्प्रेशनिस्ट कसं काय? रेघांवर रेघा मारून सावली करणं रेम्ब्रांट अडीचशे वर्षं आधी करून बसला होता. त्यानं एचिंगमध्ये स्वतःचे तीसेक चेहरे केलेत. त्यापुढे हे एक म्हणजे काय कौतुक?

जस्तपत्रा

आडवी_रेघ, बोलावलंत म्हणून आलो. मुंबईत कला महाविद्यालयात असताना आमचा अर्धा वेळ एचिंगच्या खोलीत ऍसिडच्या वासात गेलाय, तेव्हा थोडं लांबलचक लिहिणार. कंटाळा आला तर खाली उतरा.

प्लेट तांब्याची किंवा जस्ताची. पिसारोनं दोन्ही वापरल्या. आधी कडा कानशीनं तिरक्या करायच्या, नाहीतर प्रेसखाली कागद फाटतो. मग प्लेटवरचं तेलाचं बोट न बोट काढायचं. प्लेट गरम करून तिच्यावर ग्राउंडचा पातळ थर द्यायचा. ग्राउंड म्हणजे मधमाशीचं मेण, अस्फाल्टम आणि राळ. बरेच जण हा थर धुराच्या ज्योतीवर धरून काळाकुट्ट करून घेतात.

आता सुई घ्यायची आणि त्या काळ्या थरावर चित्र काढायचं. सुई धातू खरवडत नाही, फक्त मेण बाजूला करते. धातू खोदायचं काम ऍसिडचं. नायट्रिकमध्ये प्लेट सोडली की रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते पक्ष्याच्या पिसानं हळूच हलवत राहायचं, नाहीतर रेघ खडबडीत खाल्ली जाते. हलक्या हव्या तेवढ्या रेघा झाल्या की प्लेट बाहेर काढायची, त्या वॉर्निशनं झाकायच्या आणि उरलेल्या पुन्हा ऍसिडला द्यायच्या. कोटाची गडद रेघ आणि गालाची नाजूक रेघ एकाच सुईची असू शकते. फरक ऍसिडमधल्या मिनिटांचा.

त्यानंतर शाई भरायची, जाळीदार कापडानं आणि शेवटी तळहातानं पुसायची, ओला कागद ठेवून वर ब्लँकेट घालून प्रेसमधून काढायचं.

आता चेहऱ्याच्या बाबतीत यात गंमत कुठे आहे ते सांगतो. काळ्या ग्राउंडवर सुई फिरली की खालचा धातू चमकतो. म्हणजे काढताना रेघ उजळ दिसते आणि छापल्यावर ती काळी होते. पिसारो डोळ्याखालची सावली घालत असेल तेव्हा त्याच्या प्लेटवर तिथे चकाकी वाढत होती. पांढरी दाढी म्हणजे जिथे हात कमी लावायचा ती जागा, आणि प्लेटवर तीच काळी. साठ वर्षांचा माणूस आरशात पांढरी दाढी बघतोय आणि हातात काळ्या दाढीचा स्वतःच. वर सगळं डावं-उजवं उलटं. नवशिक्यांचे चेहरे इथेच भुतासारखे होतात. याचा झालेला नाही, यावरून हाताची सवय किती मुरलेली होती ते कळतं.

बार्देशकर

जस्तपत्रा, हे डावं-उजवं जरा इस्कटून सांगा. आरशात उलटं, छापल्यावर परत उलटं, म्हणजे सुलटं?

जस्तपत्रा

बरोबर. आरशात बघून थेट प्लेटवर काढलं तर प्लेटवर आरशातला माणूस येतो. छापताना तो उलटतो आणि कागदावर येतो तो लोकांना समोरून दिसणारा माणूस. तैलरंगात ही सोय नाही, तिथे आरशातला तसाच राहतो. म्हणून चित्रकारांच्या तैल आत्मचित्रांत उजव्या हाताचा माणूस डाव्या हातानं रंगवताना दिसतो.

सहीचं मात्र बरोबर उलट. कागदावर ती नीट वाचता यायला हवी तर प्लेटवर ती उलटी लिहावी लागते. तरुण रेम्ब्रांटनं १६२९च्या एका आत्मचित्रावर अक्षरं सरळ लिहून टाकली, ती छापात उलटी आली आणि आजतागायत तशीच आहेत.

फोनवर हे चित्र उघडा आणि आडवं पलटवा. तुम्हाला दिसेल तो पिसारोनं आरशात पाहिलेला पिसारो. न पलटवलेला तो त्याच्या बायकोमुलांना दिसणारा.

टेम्सकाठी

धागा वाचनखुणेत टाकला. माझी थोडी भर.

१८९० हे साल त्याच्या घरात फार हलवाहलवीचं आहे. आई १८८९ मध्ये गेली. त्या म्हाताऱ्या आईचंही त्यानं दिव्याच्या उजेडातलं एचिंग केलंय, जमलं तर दोन्ही शेजारी ठेवून पाहा. थोरला मुलगा ल्युसियाँ १८९० मध्ये लंडनला राहायला गेला आणि १८८३ पासूनची बाप-लेकांची पत्रं पुढे चालू राहिली. पिसारोबद्दल आपल्याला आज जे कळतं त्यातलं कितीतरी या पत्रांमुळे. व्हिन्सेंटचा भाऊ आणि चित्रविक्रेता थिओ व्हान गॉगनं फेब्रुवारी १८९० मध्ये त्याचं प्रदर्शन भरवलं. वर्ष संपायच्या आत थिओ आजारी पडला आणि जानेवारी १८९१ मध्ये वारला. याच सुमारास पिसारो ठिपक्यांच्या पद्धतीतून बाहेर पडत होता. जॉर्ज सरा या चित्रकाराच्या नादानं त्यानं चार-पाच वर्षं ठिपके दिले, हात आखडला, विक्री आटली.

आणि डोळा. १८८८ च्या सुमारास उजव्या डोळ्याची अश्रुनलिका सुजायला लागली, ती कटकट जन्मभर राहिली. वारा आणि धूळ लागली की डोळा पेटायचा. म्हणून तर पुढे १८९०च्या दशकात रूआँ आणि पॅरिसमध्ये तो हॉटेलच्या खोल्या घेऊन खिडकीतून रस्ते रंगवायचा. बुलेव्हार मोंमार्त्रची ती १८९७ची मालिका खिडकीतलीच आहे. उघड्यावर उभं राहून रंगवा असं सांगणाऱ्या पंथातल्या ज्येष्ठ माणसावर ही वेळ.

असा दुखरा डोळा घेऊन हा माणूस सुईच्या टोकाएवढ्या रेघा मारत बसला. चष्म्याच्या वरून आलेली ती नजर हे माहीत असलं की वेगळी दिसते.

(अवांतर: पिसारोचा होमिओपथीवर गाढ विश्वास होता. साबुदाण्याच्या गोळ्यांवरून आपल्या घराघरांत होणारी भांडणं तिकडेही झाली असतील का?)

खवचट_खेकडा

होमिओपथीचा वेगळा धागा काढा, इथे आग लावू नका.

माझा प्रश्न तसाच आहे. हे इम्प्रेशनिस्ट कुठून?

मुळेमावशी

खेकडेराव, मी उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मी काही कलाकार नाही, बघणारी आहे.

तुमचं निम्मं पटतं. हे आत्मचित्र पद्धतीनं जुन्या वळणाचं आहे. पण ते त्याच्या बाकीच्या छापचित्रांत ठेवून बघा. सव्वाशेहून जास्त एचिंग्ज आणि वर साठेक लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं) केलेत त्यानं. या गटात इतकं छापकाम फारच थोड्यांनी केलं. १८७९-८० मध्ये देगा, मेरी कसाट आणि पिसारो यांनी छापचित्रांचं एक नियतकालिक काढायचं ठरवलं होतं, ‘दिवस आणि रात्र’ अशा अर्थाच्या नावाचं. ते निघालंच नाही. देगाचं असंच, उत्साह दांडगा आणि शेवट नाही. पण त्या निमित्तानं पिसारो देगाच्या प्रेसवर जाऊन बसला आणि त्याला या कामाची चटक लागली. काही छापांवर पिसारोनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय की हे देगानं छापलं.

त्याचं पाँत्वाजजवळच्या झाडीचं १८७९चं एचिंग शोधा. रेघ जवळपास नाहीच. ग्राउंडचे निरनिराळे प्रकार, राळेची भुकटी, खरवडणं, सगळं करून त्यानं नुसते करडे डाग मिळवलेत. फांद्यांतून घर हळूहळू डोळ्यांना सापडतं. रंग नसला तरी उजेड तोच. आणि एकाच प्लेटचे वेगवेगळ्या टप्प्यांवर काढलेले छाप त्यानं १८८०च्या प्रदर्शनात एकाच चौकटीत लावले. मोनेनं गवताच्या गंज्या वेगवेगळ्या उन्हात रंगवल्या त्याच्या दहा वर्षं आधी हा माणूस एकच झाडी बदलत्या उजेडात दाखवत होता, ऊन बदलून नव्हे, तर त्याच प्लेटवर पुन्हा काम करून. मला तरी हे अस्सल इम्प्रेशनिझम वाटतं.

आणि रंगवाला तो रंगवालाच. त्याच प्रदर्शनात ही काळी-करडी चित्रं त्यानं पिवळ्या कागदावर चढवून जांभळ्या चौकटींत लावली होती.

आडवी_रेघ

मावशी, पिवळ्या-जांभळ्याबद्दल धन्यवाद! 😀

खेकडा, तुमच्या रेम्ब्रांटबद्दल. रेम्ब्रांट एचिंगमध्ये चेहऱ्यांचे खेळ करतो. कधी दात विचकतो, कधी भुवया ताणतो, कधी उंची कपडे चढवतो. पिसारोच्या चित्रात नाटक अजिबात नाही. रेम्ब्रांटचं १६४८चं खिडकीपाशी चित्र काढत बसलेलं एचिंग आहे, त्याच्याशी मात्र याचं जवळचं नातं लागतं. तिथेही काम करणारा माणूस वर बघतोय.

याच काळात पिसारोनं लंडनच्या भाच्यांसाठी पेनानं २८ चित्रांचा एक संच काढला होता. गरिबी, उपासमार, आत्महत्या असले विषय. तो विचारानं अराजकवादी होता, आणि नुसता गप्पांपुरता नव्हे. म्हणजे १८८९-९० मध्ये काळी रेघ त्याच्या हातात सतत होती आणि डोक्यातही काही गुळगुळीत नव्हतं. हे आत्मचित्र त्याच हातातून आलंय. त्यात स्वतःला मोठं करणं नाही, तसं बिचारं करणंही नाही.

नागपूरचा_संत्री

काय बाप्पा, भारीच चाललं आहे इथं! मी आपला साधा प्रश्न घेऊन आलो. आमच्या इकडे भांड्याच्या दुकानात तो माणूस बसतो ना, खटखट करून ताटावर नाव टाकून देतो, हे तसंच आहे काय?

जस्तपत्रा

नाही, भाऊ. पण प्रश्न झकास आहे. भांड्यावर नाव घालणारा धातूला थेट हात घालतो. एचिंगवाला मेणाला हात घालतो आणि धातू ऍसिडवर सोपवतो. म्हणून एचिंगची रेघ पेनासारखी मोकळी फिरते, धातूचा विरोध तिला जाणवत नाही.

तुमच्या माणसाच्या जवळचा प्रकार म्हणजे ड्रायपॉइंट. टोकदार सुईनं सरळ प्लेट ओरखडायची, ऍसिड नाही. ओरखड्याच्या काठाला धातूचा चुरा उभा राहतो, त्यात शाई अडकते आणि रेघ मखमली होते. पण प्रेसच्या दाबानं तो चुरा दबत जातो, त्यामुळे चांगले छाप थोडेच निघतात.

कापूरकाचरी

ड्रायपॉइंट निघालंच आहे तर इम्प्रेशनिस्ट गटातल्याच बर्थ मोरिझोचं सांगते. १८८९ मध्ये तिनं ड्रायपॉइंटमध्ये स्वतःला काढलं, आणि जवळ मुलगी ज्युली. आई चित्र काढतेय, मुलगी डोकावून बघतेय. पिसारोच्या चित्राच्या जेमतेम एखाद-दोन वर्षं आधीचं. त्यात रेघा इतक्या कमी आहेत की अजून दोन काढल्या असत्या तर बिघडलं असतं. पिसारोचा चेहरा पूर्ण विणलेला आहे, हिचा सोडून दिलेला. मला मोरिझोचं जास्त आवडतं. पुरुष आत्मचित्र काढतात तेव्हा खोलीत ते एकटेच असतात, हिच्या खोलीत पोर आहेच!

आणि देगाचंही एक आहे, १८५७चं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा, रोममध्ये, रेम्ब्रांटच्या भजनी लागलेला. इम्प्रेशनिझम शब्दही जन्मला नव्हता. एकाच प्लेटचे काही छाप स्वच्छ पुसलेले, काहींवर शाईचा थर मुद्दाम ठेवलेला. एका छापात सकाळ, दुसऱ्यात रात्र. खेकडेराव, रेम्ब्रांटचं देणं कोणावर असेल तर ते देगावर पाहा.

खवचट_खेकडा

देगाचं पाहिलं. हो, हे जबरदस्त आहे. पिसारोपेक्षा सरस.

पिसारोबद्दल माझं मत तेच. झाडीचं एचिंग क्रांतिकारक, हे मान्य. आत्मचित्र चांगलं आहे, पण सनातनी. माणसाला स्वतःचा चेहरा मोडायचा धीर झाला नाही.

मुळेमावशी

स्वतःचा चेहरा दुखऱ्या डोळ्यानं बघतोय हो तो, मोडायचा कशाला अजून.

बार्देशकर

हे त्यानं केलं कोणासाठी? विकायला?

टेम्सकाठी

विक्रीची आशा त्याला कायम असायची, विक्री मात्र व्हायची नाही. त्याच्या हयातीत बहुतेक प्लेटांचे मोजकेच छाप निघाले. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं टप्पा, क्रमांक, सही असं स्वतःच्या अक्षरात लिहायचा. घरचा प्रेस आला १८९४ मध्ये, एराग्नीच्या घरी. तोवर दुसऱ्याच्या प्रेसवर अवलंबून. ते घरही १८९२ मध्ये मोनेकडून पैसे उसने घेऊन विकत घेतलेलं.

छापचित्रकारांच्या संस्थेनं १८९१ मध्ये त्याला कसं बाहेर बसवलं तेही सांगते. ती संस्था त्या वर्षी ‘फ्रेंच’ छापचित्रकारांची झाली आणि जन्मानं परदेशी म्हणून कसाट आणि पिसारो वगळले गेले. कसाट अमेरिकन. पिसारो सेंट थॉमस बेटावर जन्मलेला, ते तेव्हा डेन्मार्कचं होतं, आणि तो मरेपर्यंत डॅनिश नागरिकच राहिला. आठही इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत चित्रं लावणारा एकमेव माणूस, आणि छापचित्रांसाठी परका! दोघांनी मग चित्रविक्रेता द्युराँ-र्युएलच्याच गॅलरीत, संस्थेच्या प्रदर्शनाला लागून असलेल्या खोल्यांत आपापली चित्रं लावली. तिथे कसाटची रंगीत छापचित्रं बघून पिसारो इतका खूश झाला की ल्युसियाँला पत्रात त्यांचं भरभरून वर्णन केलं. नंतर घरचा प्रेस आल्यावर त्यानं स्वतः रंगीत एचिंग केली, जीसोरच्या बाजाराचं त्यातलंच. तेव्हा रंग त्यानं कायमचा सोडला होता असं कुणी समजू नये.

कुटुंबानं जपलेला मोठा साठा १९५०च्या दशकात ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाला मिळाला. तिथल्या प्रिंट रूममध्ये आधी वेळ ठरवून जाता येतं. छापचित्रं पेटीतून काढून टेबलावर ठेवतात. काचेआड नाही, शाईचा उंचवटा तिरप्या उजेडात दिसतो. स्क्रीनवर पिसारोची एचिंग्ज मळकट वाटतात, समोर ठेवल्यावर त्यांतले करडे रंग मोजता मोजता अर्धा दिवस जातो.

नागपूरचा_संत्री

विकत भेटते काय आज? म्हणजे दिवाणखान्यात लावायला. बजेट विचारू नका.

जस्तपत्रा

पिसारोची एचिंग्ज लिलावात येतात, पण डोळे उघडे ठेवा.

हयातीतले छाप थोडे, त्यांवर पेन्सिलीची सही आणि टीप असू शकते, किंमतही तशी. तो १९०३ मध्ये गेल्यावर घरच्यांनी बऱ्याच प्लेटांच्या मर्यादित आवृत्त्या छापवून घेतल्या. त्या छापांवर ‘सी. पी.’ असा शिक्का आणि क्रमांक असतो. तेही खऱ्या प्लेटचे, त्यांत लबाडी नाही. फक्त शाई पुसणारा हात पिसारोचा नाही, आणि एचिंगमध्ये निम्मं चित्र पुसण्यात असतं.

तिसरा प्रकार म्हणजे पुस्तकातून छापलेली किंवा निव्वळ ऑफसेटची नक्कल. तिच्यासाठी दहापटीचं भिंग पुरतं. नकलेत रेघ बारीक ठिपक्यांची निघते. खऱ्या एचिंगमध्ये रेघ सलग असते आणि शाई कागदावर किंचित वर आलेली. चारी बाजूंनी प्लेटचा दाब दिसायला हवा, कागद मागून पाहिला तर तो अजून नीट कळतो. चौकटीतून बाहेर काढून दाखवायला विकणारा नाही म्हणाला, तर आभार मानून निघायचं.

नागपूरचा_संत्री

भिंग आहे बाबांच्या टपालतिकिटांच्या डब्यात. उरलेल्याची सोय पाहतो.